दाजीबा अस्वलाचं मलम आणि शूलपाणीचा संताप

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सूज यायची.

एकदम सगळ्यांना नव्हे. पाळीपाळीने. आज सशाचा मागचा पाय, उद्या हरणाचा गुडघा, परवा कोल्ह्याचं नाक. कोल्ह्याचं नाकच का, असं विचाराल तर तो ते नको तिथे खुपसायचा म्हणून.

सूज कशाने येते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणायचं हवा बदलली. कोणी म्हणायचं पाणवठ्याचं पाणी बाधतं. म्हातारी माकडं म्हणायची, "आमच्या वेळीही सूज यायची, पण तेव्हाच्या सुजेत दम होता."

त्याच जंगलात शूलपाणी साळिंदर नावाचा एक जुना पत्रकार राहायचा. नदीपलीकडच्या कॉलेजातून तो बी.ए. झाला होता. ही गोष्ट तो स्वतः फार लवकर सांगायचा, म्हणून मीही लवकर सांगून टाकतो.

शूलपाणीचं स्वतःचं साप्ताहिक होतं. नाव 'शूल'. पळसाच्या पानांवर, स्वतःच्याच अंगच्या काट्याने तो ते लिहायचा. बाकीचे लेखक लेखणी शाईत बुडवतात. शूलपाणी संतापात बुडवायचा. त्याच्याकडे शाई कधी कधी संपायची, संताप संपल्याचं कोणाला आठवत नाही.

दर आठवड्याला संध्याकाळी पाणवठ्यावर तो आपला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवायचा. जंगल लोटायचं. करमणूक म्हणून दुसरं होतं काय? शेवटचं वाक्य आलं की शूलपाणीचे सगळे काटे उभे राहायचे. तो गर्रकन पाठ फिरवायचा आणि सर्वांग असं झाडायचा की खळ्ळकन आवाज व्हायचा. तो त्याचा पूर्णविराम. त्या झाडण्यात काही सैल काटे गळून इकडे तिकडे पडायचे. मग टाळ्या. तोवर दिवस मावळलेला असायचा. श्रोते चाचपडत आपापल्या घरी जायचे.

आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी पाय सुजायचा.

मुलांनो, तुम्ही हुशार आहात. तुमच्या काहीतरी लक्षात आलं असेल. पण गप्प बसा. जंगलात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

सुजलेला प्राणी मग लंगडत जायचा दाजीबा अस्वलाकडे.

जंगलाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली दाजीबाची कढई होती. तिच्यात निर्गुडीचा पाला, आंबेहळद, एरंडाचं तेल आणि पोळ्याचं मेण रटरटत असायचं. शिवाय एक गुप्त वनस्पती. ती कोणती हे दाजीबा सांगायचा नाही, कारण ती त्याला दर वेळी वेगळी मिळायची.

"सात पिढ्यांचं मलम आहे," तो म्हणायचा. समोर भोळा ससा असला तर पिढ्या अकरा व्हायच्या.

मलम लावण्याची दाजीबाची एक रीत होती. सुजलेला पाय तो मांडीवर घ्यायचा. डोळे मिटून मंत्र पुटपुटायचा. मग "आधी घाण काढू" असं म्हणून दातांनी जखमेतलं काहीतरी उपसायचा आणि मागे फेकायचा. मग थापायचं मलम. दुखणाईत मंत्राकडे बघायचा, मलमाकडे बघायचा. मागे काय फेकलं ते कोणी बघत नसे. सकाळी दाजीबा ते सगळं गोळा करून आपल्या अंगणाच्या कडेने खोचून ठेवायचा. त्याचं कुंपण झकास झालं होतं. काळंपांढरं, टोकदार, एका उंचीचं.

शूलपाणीला दाजीबाचा मनस्वी राग होता. 'पाल्याचा पाला, जंगलाचा घोटाळा!' असं त्याने मथळ्यात लिहिलं होतं. 'काळ्यापांढऱ्या कुंपणाआड काय शिजतंय?' अशी लेखमालाही चालवली होती. तिच्यासाठी तर तो त्या कुंपणाला टेकून बराच वेळ पाळत ठेवून उभा होता. टेकताना त्याला उगाचच घरच्यासारखं वाटलं. पण पत्रकाराने भावनेच्या आहारी जाऊ नये, म्हणून ते त्याने छापलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एकदा वाघमहाराज स्वतः अग्रलेख ऐकायला आले. दुसऱ्या दिवशी महाराजांचा उजवा पंजा सुजला.

आता सशाची सूज वेगळी आणि राजाची सूज वेगळी. लंगडा वाघ लांब शिकारीला जात नाही. जवळ जो असेल त्यालाच खातो. दरबारात एकदम शुकशुकाट झाला. जे आले ते लांब उभे राहिले आणि तिथूनच निष्ठा दाखवू लागले.

दाजीबा कढईतलं मलम द्रोणात भरून घेऊन आला.

"महाराज, पंजा द्या. नऊ पिढ्यांचं—"

"थांबा!" शूलपाणी ओरडला. त्याचे काटे ताठ झाले आणि आजूबाजूचे चार जण सवयीने मागे सरले. "महाराज, या मलमाची चाचणी झाली आहे का?"

"झाली की," दाजीबा म्हणाला. "सगळं जंगल लावतंय."

"सगळं जंगल लावतंय आणि सगळं जंगल सुजलेलंच आहे! ही तुमची चाचणी?"

दरबारात कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. शूलपाणीचे मुद्दे नेहमीच बिनतोड असायचे. ते लागायचे कुठे, एवढाच प्रश्न असायचा.

"संपादकसाहेब," दाजीबा म्हणाला, "चाचणी घ्या, पाहिजे तशी घ्या. माझं मलम खोटं निघालं तर कढई पालथी घालीन आणि जन्मभर चूल पेटवणार नाही. आणि खरं निघालं तर तुम्ही काय कराल? नुसता खुलासा छापाल?"

शूलपाणी बी.ए. होता. त्याने गप्प बसायला हवं होतं. पण सगळं जंगल बघत होतं.

"खरं निघालं," तो म्हणाला, "तर अंगावरचा एकूण एक काटा उपटून तुमच्या पायाशी ठेवीन. पुन्हा ओळ लिहिणार नाही!"

टाळ्या पडल्या. घरी मात्र पडल्या नाहीत. घरी सौ. द्वारकाबाई साळिंदर कंदमुळं निवडत बसल्या होत्या.

"अहो, सगळे काटे?" त्यांनी विचारलं.

"एकूण एक."

"आणि थंडीत काय पांघरणार? मानपत्र?"

"द्वारका, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचा असला तरी कातडं तुमचं आहे. आणि बिनकाट्याच्या साळिंदराला कोल्हा काय म्हणतो, ठाऊक आहे ना? जेवण."

त्या दिवशी शूलपाणीने अंग जरा जपूनच चाटलं.

चाचणीसाठी डॉक्टर करकोचे यांना बोलावलं. ते दर थंडीत परदेशातून उडत येत. उंच मान, लांब पाय, आणि कोणत्याही चिखलात उभं राहून चिखलाशी आपला संबंध नाही असा चेहरा.

"प्रथम," डॉक्टर म्हणाले, "सूज सगळ्यांची सारखी हवी. एकाला टेंगूळ आणि एकाला भोपळा, असं चालणार नाही. एकाच जाडीचं, एकाच टोकाचं काहीतरी प्रत्येकाला टोचून ठेवावं लागेल. आहे तसं काही?"

"मधमाशी?" दाजीबा म्हणाला.

"एक माशी तापट असते, एक आळशी. नको."

"बाभळीचा काटा?"

"लहानमोठा असतो."

तेव्हा शूलपाणी पुढे झाला. छाती काढून म्हणाला, "माझा काटा घ्या. याच्याइतकं टोकदार या जंगलात काही नाही. बी.ए.ला असताना आमचे प्राचार्य म्हणाले होते—"

"द्या," डॉक्टर म्हणाले. प्राचार्य काय म्हणाले ते जंगलाला शेवटपर्यंत कळलं नाही.

टोचायचं कोणाला, याची चर्चा झालीच नाही. चाचणी म्हटली की उंदीर, हे जंगलातही ठरलेलं आहे. उंदीर कमी पडले म्हणून एका घुशीलाही ओढून आणलं. तिला सगळे घूसवहिनी म्हणायचे. अंगाने थोराड, तोंडाने त्याहून थोराड.

"मी उंदीर नाही!" घूसवहिनी म्हणाली.

"शास्त्रापुढे सगळे सारखे," डॉक्टर म्हणाले आणि टोचलं.

"अगं आई गं! हे शास्त्र होय? हे तर गेल्या पावसाळ्यात मला झालं होतं, अगदी तस्संच!"

"नोंद घेण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. घूसवहिनी हे काही माप नव्हतं.

सूज मापायची युक्ती मात्र डॉक्टरांनी छान काढली होती. करवंटी पाण्याने काठोकाठ भरायची. तिच्यात पाय बुडवायचा. जितकं पाणी बाहेर सांडेल तितकी सूज. उंदरांचे पाय असे सुजले होते की करवंट्या भरून भरून माकडं दमली.

मग तीन गट केले. पहिल्या गटाला दाजीबाचं मलम. दुसऱ्या गटाला पाणवठ्याचा साधा चिखल, वरून हळद भुरभुरलेला, म्हणजे कोणाला कळू नये. तिसऱ्या गटाला काही नाही. नुसतं बसवून ठेवायचं.

"मलमाचा फरक तेवढा दिसला पाहिजे," डॉक्टर दाजीबाला म्हणाले. "पहिल्या गटाला जे जे कराल ते दुसऱ्यालाही करा. लावताना एकाला मलम, एकाला चिखल, बस्स."

दाजीबाने शब्द पाळला. पहिल्या गटातल्या प्रत्येक उंदराचा पाय मांडीवर घेतला, मंत्र म्हटला, घाण उपसून मागे फेकली, मलम लावलं. दुसऱ्या गटाचा पाय मांडीवर घेतला, मंत्र म्हटला, घाण उपसून मागे फेकली, चिखल लावला. तिसऱ्या गटाला हात लावला नाही. त्या गटात घूसवहिनी होती.

शूलपाणी सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होता. दाजीबा चिखलात गुपचूप मलम मिसळतो का, यावर त्याची नजर होती. इतकी बारीक नजर की शेजारून त्याचेच काटे उडून जात होते ते त्याला दिसले नाहीत.

निकालाच्या दिवशी सगळं जंगल मोहाच्या झाडाखाली जमलं. वाघमहाराज पंजा वर धरून बसले होते आणि समोरच्यांकडे भुकेने बघत होते. शूलपाणीने आंघोळ केली होती. काटे विंचरले होते. शेवटचेच असले तर नीट दिसावेत, म्हणून.

पहिल्या गटाने पाय बुडवले. पाणी जेमतेम सांडलं. सूज उतरली होती!

दाजीबा नाचायला लागला. शूलपाणीने नकळत आपल्या पाठीवरचा एक जुना, आवडता काटा धरून ठेवला.

दुसऱ्या गटाने पाय बुडवले. पाणी जेमतेम सांडलं. तेवढंच.

दाजीबा नाचता नाचता थांबला.

"मलम आणि चिखल," डॉक्टर करकोचे म्हणाले, "यांत काहीही फरक नाही."

"ऐका!" शूलपाणी गरजला. "ऐका हो जंगल! सात पिढ्यांचा चिखल! मी काय लिहीत होतो? कुंपणाआड काय शिजतंय, हे मी विचारत होतो!"

"पण सूज उतरली ना?" दाजीबा म्हणाला.

"चिखलानेही उतरली!"

"मग माझा चिखलही चांगला आहे!"

"चिखल तुमचा कधीपासून झाला?"

मागून घूसवहिनी ओरडत होती, "अहो, माझं काय? माझा पाय बघा ना!" पण भांडण रंगात आलं होतं. जिला काहीच लावलेलं नाही तिची मुलाखत कोण घेतो?

"गप्प!" वाघमहाराजांनी डरकाळी फोडली. "माझा पंजा ठणकतोय. मी लावू काय?"

"मलम!" दाजीबा म्हणाला.

"चौकशी समिती!" शूलपाणी म्हणाला.

"या विषयावर मी पुढच्या थंडीत निबंध वाचीन," डॉक्टर म्हणाले आणि उडून गेले.

त्या गडबडीत घूसवहिनी लंगडत पुढे आली. तिने सुजलेला पाय धप्पकन महाराजांसमोर टेकवला. "महाराज, हे दोघं भांडून मरू देत. माझ्या पायातला काटा अजून आत आहे. कोणी काढलाच नाही. त्या उंदरांचे काढले, त्यांना बरं वाटलं. माझा राहिला, मी सुजलेली. यात कळायला परदेशातून यावं लागतं का?"



दाजीबाने खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. मंत्र म्हणायचं विसरला. काटा उपसला. घूसवहिनीने "हुश्श" केलं. मग महाराजांनी आपला पंजा पुढे केला. दाजीबाने त्यातलाही उपसला आणि सवयीने मागे फेकणार, तोच महाराज म्हणाले, "फेकू नकोस. दाखव."

दोन्ही काटे शेजारी ठेवले. काळेपांढरे. एकाच जाडीचे. एकाच टोकाचे. डॉक्टरांना हवे होते अगदी तसे.

एका सशाने हळूच मान वळवून दाजीबाच्या कुंपणाकडे पाहिलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. कुंपण तिथून चांगलं लांबवर पसरलेलं दिसत होतं. मग सगळ्या माना परत फिरल्या आणि शूलपाणीवर येऊन थांबल्या.

शूलपाणीचे काटे आपोआप उभे राहिले. सगळं जंगल चटकन दोन पावलं मागे सरलं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, हा आपल्या लेखणीचा दरारा.

महाराजांच्या डोळ्यांत त्याला खाण्याचा विचार येऊन गेला. पण खायचं म्हणजे पुन्हा काटे आलेच. महाराज पंजा चाटत निघून गेले.

"दाजीबा," शूलपाणी म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय, कुंपण कशाचं आहे ते मला माहीत नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे." दाजीबा खरंच गोंधळला होता. "तुमचा अंक निघाला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग. माझ्याकडे रांग लागली की तुम्हाला अग्रलेख. आपलं दोघांचं बरं चाललं होतं की, संपादकसाहेब!"

आयुष्यात शूलपाणीवर पुष्कळ टीका झाली होती. कोणी त्याला विकाऊ म्हटलं होतं, कोणी भुंकणारा म्हटलं होतं. त्याने सगळ्यांना उत्तरं दिली होती. 'आपलं दोघांचं' असं मात्र त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

"पैज तुम्हीच जिंकलात म्हणा," दाजीबा उसासा टाकून म्हणाला. त्याने कढई पालथी घातली. "काटे ठेवा अंगावर."

घरी आल्यावर शूलपाणीने द्वारकाबाईंना विचारलं, "तुला तरी कधी शंका आली होती?"

"शंका कसली? लग्न झालं त्याच आठवड्यात कळलं. मला तुमच्या मागे कधी उभी राहिलेली पाहिलंत का?"

शूलपाणी सबंध दिवस बिळाच्या तोंडाशी बसून राहिला. मग त्याने एक पळसाचं पान ओढलं. काही झालं तरी तो पत्रकार होता, आणि बातमी ही बातमी असते. मथळा लिहिला : 'सूज-प्रकरणाचा सूत्रधार सापडला!' खाली स्वतःचं नाव, जाड अक्षरांत. मग लिहीत सुटला. स्वतःला त्याने सोलून काढलं. दुसऱ्याच्या कुंपणात चूक शोधणारा आणि स्वतःच्या पाठीकडे न बघणारा आंधळा, असं म्हटलं. बी.ए. पदवी कसल्या पाल्यावर मिळाली, असंही विचारलं. इतका जहाल अग्रलेख त्याने कधीच लिहिला नव्हता. वाचून त्याचं त्यालाच भरून आलं.

"छान आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण बसून वाचा. आणि शेवटी झाडू नका."

"शपथ," शूलपाणी म्हणाला.

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दाजीबाही आला होता, रिकामटेकडा. शूलपाणीने वाचायला सुरुवात केली. शांत, खाली बसून. सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. घूसवहिनी म्हणाली, "काही म्हणा, भावजी मनाने चांगले आहेत." कोल्ह्याने नाक पुसलं. एवढी मोठी चूक एवढ्या मोठ्या आवाजात कबूल करणारं जनावर जंगलाने पाहिलं नव्हतं. भारावून सगळे जवळ सरकले.

शूलपाणी शेवटच्या परिच्छेदाला आला. आवाज चढला. कधी उभा राहिला, त्यालाही कळलं नाही.

"असा हा ढोंगी, बेजबाबदार, स्वतःच्याच संतापावर भाळलेला पत्रकार!" तो थरथरत म्हणाला. "अशा पत्रकाराची मला चीड येते, चीड! त्याचा त्रिवार धिक्कार असो!"

आणि त्याने गर्रकन पाठ फिरवली.

खळ्ळ!

टाळ्यांचा असा कडकडाट त्या जंगलाने कधी ऐकला नव्हता. मग श्रोते भरल्या मनाने, चाचपडत, आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली पार ओढ्यापर्यंत रांग लागली. दाजीबाने कढई सुलटी करून चूल पेटवली. वर नवी पाटी लावली : 'परदेशी डॉक्टरांनी चाचणी घेतलेलं मलम. चिखलही मिळेल.' संध्याकाळपर्यंत कुंपण हातभर लांबलं.

आणि त्या आठवड्याच्या 'शूल'मध्ये मथळा होता : 'सूज पुन्हा बळावली! जंगल झोपलंय का?'

तात्पर्य : मलमाची चाचणी जरूर घ्यावी. चिखलाचीही घ्यावी. सूज कशाने येते हे मात्र कोणी शोधू नये, कारण ते सापडून काही फरक पडत नाही. आणि कोणाच्या प्रामाणिकपणाला टाळ्या द्यायच्याच असतील, तर त्या त्याच्या पाठीमागे उभं राहून देऊ नयेत.